डायनॅमिक ईक्यूची रेषा पडद्यावर वाकते, पण आवाज बदलत नाही: वारंवार येणाऱ्या अडचणीचे निवारण

सिस्टिम प्रोसेसर (मिक्सर आणि अॅम्प्लिफायर यांच्यामधला, आवाजावर प्रक्रिया करणारा डबा) लॅपटॉपला जोडून त्यातला डायनॅमिक ईक्यू, म्हणजे ठरावीक कंपनसंख्यांचा पट्टा (बँड) सिग्नलच्या पातळीनुसार कापणारा ईक्वलायझर, पडद्यावरच्या आलेखातून लावणाऱ्या ध्वनिसंयोजकांना एक अडचण पुन्हा पुन्हा येते, आणि ती एकमेकींच्या नेमक्या उलट अशा दोन रूपांत येते. पहिल्या रूपात पडद्यावर २.८ किलोहर्ट्झला सहा डीबीचा (डेसिबलचा) खड्डा स्पष्ट दिसतो, पण गायिकेचा वरचा स्वर पूर्वीइतकाच कानाला टोचत राहतो. दुसऱ्या रूपात तो खड्डा एकदा पडला की उठतच नाही, संवाद असो वा पद, आवाज सतत दबलेला आणि दूर गेल्यासारखा वाटतो. दोन्ही वेळा माणूस प्रोसेसरला किंवा सॉफ्टवेअरला दोष देतो, बँड पुसून नव्याने लावतो, त्या प्रयोगापुरते निभावून नेतो आणि पुढच्या नाट्यगृहात पुन्हा तिथेच अडकतो. मी स्वतः एका दौऱ्यात या दोन्ही रूपांतून गेलो आहे, आणि तेव्हा जे तपासले त्याचाच हा तपशील आहे.

प्रसंग संगीत नाटकाचा होता. गायिका काळी पाचमध्ये गात असत, म्हणजे त्यांचा षड्ज सुमारे २३३ हर्ट्झ, तार षड्ज ४६६ आणि तार पंचम ६९९ हर्ट्झच्या आसपास. तार पंचमाची चौपट कंपनसंख्या बरोबर २.८ किलोहर्ट्झवर येते, आणि माणसाचा कान साधारण दोन ते पाच किलोहर्ट्झ या पट्ट्यातच सर्वाधिक संवेदनशील असल्यामुळे त्या स्वरावर पहिल्या पाच रांगांतले प्रेक्षक अंग चोरून बसत. तिथे नेहमीच्या ईक्यूने कायमचा सहा डीबी काप घेतला असता तर संवादातली व्यंजने बोथट झाली असती, म्हणून त्या ठिकाणी डायनॅमिक बँड लावला. पहिल्या नाट्यगृहात तो इतका नेमका बसला की कुणाला काही जाणवलेही नाही, आणि तेच अपेक्षित होते. दुसऱ्या गावी तो बँड जणू अस्तित्वातच नव्हता. तिसऱ्या गावी मध्यंतरात गायिका विंगेतून येऊन म्हणाल्या, “दादा, आज माझा आवाज कापलाय का? मला माझाच स्वर समोर पोहोचल्यासारखा वाटत नाहीये.” तिन्ही ठिकाणी लॅपटॉपवरचा आलेख मात्र तंतोतंत सारखा होता, आणि तिन्ही ठिकाणी त्या आलेखाकडे बघूनच मी निश्चिंत झालो होतो.

पडद्यावरची रेषा नेमकी कसली आहे, हे आधी ठरवावे

साध्या पॅरामेट्रिक ईक्यूचा आलेख विश्वासार्ह असतो, कारण कंपनसंख्या, क्यू (पट्ट्याची रुंदी ठरवणारा आकडा) आणि गेन (वाढ किंवा काप) हे तीन आकडे ठरले की फिल्टरचे वागणे पूर्ण ठरते आणि सिग्नल कमीजास्त झाल्याने त्यात फरक पडत नाही. डायनॅमिक ईक्यूत गेन हा सिग्नलच्या पातळीवर अवलंबून असतो, त्यामुळे तिथे एक रेषा काढून भागत नाही. तिथे निदान तीन रेषांची गरज असते: सिग्नल उंबरठ्याखाली (थ्रेशोल्ड, म्हणजे बँड जिथून काम सुरू करतो ती पातळी) असतानाची विश्रांतीची रेषा, बँडने पूर्ण जोर लावला तर तो कुठवर जाईल ती मर्यादेची रेषा, आणि या क्षणी तो प्रत्यक्ष कुठे आहे ती हलती रेषा. काही सॉफ्टवेअर तिन्ही वेगवेगळ्या रंगांत दाखवतात, काही फक्त मर्यादेची रेषा ठसठशीत काढतात, तर काहींत हलती रेषा वेगळे मीटरचे पान उघडल्याशिवाय दिसतच नाही. पडद्यावर दिसणारा सहा डीबीचा खड्डा हा बहुतेक वेळा मर्यादेचा असतो. तो सांगतो की बँडला सहा डीबीपर्यंत खाली जाण्याची मुभा दिलेली आहे. तो खाली गेला आहे असे तो सांगत नाही.

हे ओळखायची कसोटी सोपी आहे. मिक्सरवरून प्रोसेसरकडे जाणारा सिग्नल पूर्ण बंद करावा आणि पडद्याकडे पाहावे. शांततेतही खड्डा जागेवरच असेल तर ती मर्यादेची रेषा आहे, किंवा मग बँड उलट्या रीतीने लावला गेला आहे. अनेक प्रोसेसरांत बँडने उंबरठ्याच्या वर गेल्यावर काम करायचे की खाली असताना, अशी निवड असते. ती चुकून ‘खाली’वर राहिली तर बँड शांततेत कापतो आणि आवाज चढला की सपाट होतो, म्हणजे हव्या त्या वेळी नेमका गैरहजर राहतो.

ज्यांनी डायनॅमिक ईक्यू आधी स्टुडिओतल्या प्लगिनमध्ये वापरला आहे, त्यांचा गोंधळ इथे अधिक होतो, आणि त्यात त्यांची चूक नाही. २०१८ साली आलेल्या फॅबफिल्टर प्रो-क्यू ३ सारख्या प्लगिनमध्ये प्रक्रिया आणि चित्र दोन्ही एकाच संगणकात चालतात, त्यामुळे हलती रेषा आवाजाबरोबरच हलते. शिवाय थ्रेशोल्ड आपोआप ठरवण्याची सोय तिथे सुरुवातीपासूनच चालू असते. रॅकमधल्या प्रोसेसरचे तसे नसते. तिथे आवाजावरची प्रक्रिया त्या डब्यात होते, लॅपटॉप केवळ लांबून विचारणा करून चित्र काढतो, आणि थ्रेशोल्ड हा आपण स्वतः दिलेला, ठाम पातळीचा आकडा असतो. त्याआधीच्या पिढीतल्या बीएसएस डीपीआर-९०१ सारख्या चार बँडच्या डायनॅमिक ईक्यूवर तर आलेख नव्हताच. तिथे गुंड्या फिरवून कानानेच ठरवावे लागे. पडदा आल्यावर काम सुकर झाले हे खरेच आहे, पण तपासण्याची एक जबाबदारी त्याबरोबर आली.

जोडणी

यावर फार वेळ घालवायला नको, पण हे वगळूही नये. सॉफ्टवेअर प्रोसेसरशी खरोखर जोडलेले आहे की ऑफलाइन अवस्थेत केवळ संगणकातली फाइल दाखवते आहे, हे पाहण्यासाठी पडद्यावरून एखाद्या न वापरलेल्या आउटपुटला म्यूट करावे आणि डब्याच्या तोंडावरचा दिवा बदलतो का ते पाहावे. लुकलुकणाऱ्या हिरव्या खुणेपेक्षा हा पुरावा भक्कम आहे. जोडणी करताना सॉफ्टवेअर ‘माहिती संगणकाकडून यंत्राकडे पाठवू की यंत्राकडून संगणकाकडे आणू’ असे विचारत असेल, तर उत्तर देण्याआधी क्षणभर थांबावे, कारण घाईत पहिला पर्याय दाबला गेला तर त्या नाट्यगृहाच्या तंत्रज्ञाने जपून लावलेले क्रॉसओव्हर (कंपनसंख्या वेगवेगळ्या स्पीकरांत वाटणारे फिल्टर), डिले आणि लिमिटर (पातळी ठरावीक मर्यादेवर रोखणारे) पुसले जाऊन त्यांच्या जागी आपल्या जुन्या फाइलमधले आकडे बसतात, आणि त्याची किंमत स्पीकरच्या ड्रायव्हरने मोजावी लागू शकते. आधी नेहमी यंत्रातून संगणकाकडे माहिती आणावी, ती वेगळ्या नावाने साठवावी, आणि मगच बदलाला हात घालावा.

जोडणी असूनही हलती रेषा हलत नसेल, तर ती किती वेळाने नव्याने काढली जाते याचा विचार करावा. एकाच आरएस-४८५ तारेवर चार-सहा प्रोसेसर ओवलेले असतील तर सॉफ्टवेअर प्रत्येकाला आळीपाळीने विचारत फिरते, आणि एकेका यंत्राच्या मीटरची पाळी सेकंदातून मोजक्याच वेळा येते. समजा, ती दहा वेळा आली, तरी दोन नोंदींत १०० मिलिसेकंदांचे अंतर राहते. पाच मिलिसेकंदांत खाली जाऊन (अटॅक) ८० मिलिसेकंदांत परतणारा (रिलीज) बँड त्या अंतरात आपले काम उरकून मोकळा होतो आणि पडदा त्याची दखलही घेत नाही. म्हणून ‘रेषा हलली नाही’ यावरून ‘बँडने काम केले नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही. तात्पुरता रिलीज एक-दोन सेकंदांवर नेला की मंद पडद्यालाही बँडची हालचाल दिसते. खात्री झाल्यावर तो पूर्ववत करावा.

आलेखाची उभी मोजपट्टीही एकदा पाहून घ्यावी. ती अधिक-उणे ३० डीबीवर ठेवलेली असेल तर तीन डीबीचा काप पडद्यावर जवळजवळ सपाट दिसतो, आणि मग माणूस तो ‘दिसेपर्यंत’ वाढवत नेतो. क्रॉसओव्हर पाहताना ती रुंद मोजपट्टी योग्य असते, पण डायनॅमिक बँडसाठी ती १२ डीबीवर आणावी.

खरे मूळ: थ्रेशोल्ड कशाच्या तुलनेत आहे

वरच्या तपासण्या दहा मिनिटांत उरकतात, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक वेळा दोष तिथे सापडत नाही. तो थ्रेशोल्डमध्ये सापडतो.

थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा, आणि उंबरठा कुठल्या जमिनीपासून मोजला आहे हे माहीत नसेल तर त्याच्या उंचीला अर्थ उरत नाही. काही प्रोसेसर तो डीबीयूमध्ये मागतात, जिथे शून्य म्हणजे ०.७७५ व्होल्ट, काही डीबीएफएसमध्ये मागतात, जिथे शून्य म्हणजे डिजिटल मोजणीचे कमाल टोक. या दोहोंत किती अंतर आहे हे यंत्रागणिक बदलते. युरोपीय प्रसारण संघाच्या आर६८ या शिफारशीप्रमाणे शून्य डीबीएफएस म्हणजे +१८ डीबीयू, तर अमेरिकी रिवाजात −२० डीबीएफएस म्हणजे +४ डीबीयू, म्हणजेच शून्य डीबीएफएस +२४ डीबीयूवर. मिक्सर एका रिवाजाचा आणि प्रोसेसर दुसऱ्याचा असेल तर केवळ आकडे जुळवून लावलेला थ्रेशोल्ड सहा डीबीने चुकतो. त्यात आणखी एक बारकावा आहे: पूर्ण क्षमतेच्या साइन लहरीची आरएमएस (सरासरी ताकदीची) पातळी गणिताने −३ डीबीएफएस येते, पण एईएस१७ या मानकाच्या संकेतानुसार तिलाच शून्य म्हटले जाते. डिटेक्टर, म्हणजे बँडसाठी पातळी मोजणारा भाग, कोणत्या संकेतावर चालतो हे माहितीपुस्तिकेत असते आणि ते वाचून ठेवावे.

तरीही एककांचा हा गोंधळ एकदा समजला की सुटतो. त्याहून खोल गैरसमज बँडच्या पातळीविषयी आहे. इनपुटचे मीटर सर्व कंपनसंख्यांची मिळून पातळी दाखवते, पण चांगल्या डायनॅमिक ईक्यूचा डिटेक्टर आपल्या बँडपुरताच आवाज ऐकतो, कारण त्याच्या आधी साइडचेनमध्ये (डिटेक्टरकडे जाणाऱ्या वेगळ्या वाटेत) बँडपास, म्हणजे फक्त तो पट्टा पुढे जाऊ देणारा, फिल्टर असतो. पिंक नॉइज या चाचणीच्या आवाजाचे उदाहरण घेऊ. त्याची ऊर्जा २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या दहा सप्तकांत, म्हणजे एकतृतीयांश सप्तकाच्या तीस पट्ट्यांत, सारखी वाटलेली असते. तिसाव्या हिश्श्याची पातळी एकूण पातळीपेक्षा सुमारे १५ डीबीने कमी भरते. इनपुट मीटर +४ डीबीयू दाखवत असताना एका पट्ट्यात जेमतेम −११ डीबीयू असतात. प्रत्यक्ष फिल्टरच्या बाजू तिरक्या असल्याने त्यातून आजूबाजूची थोडी ऊर्जा आत येते आणि आकडा डीबी-दोन डीबीने वर सरकतो, इतकेच. आता कुणी इनपुट मीटरवर गाण्याचे चढ +४ पर्यंत जाताना पाहून थ्रेशोल्ड शून्यावर ठेवला, तर तो बँड आयुष्यात कधीच जागा होणार नाही. पडद्यावरचा खड्डा मात्र त्याला दिलासा देत राहील.

सगळ्याच यंत्रांत डिटेक्टर असा बँडपुरता नसतो. काहींत तो पूर्ण सिग्नल ऐकतो, आणि तिथे दुसऱ्या रूपाची तक्रार जन्म घेते: डग्ग्याच्या घुमाऱ्यावर किंवा ऑर्गनच्या खर्जावर २.८ किलोहर्ट्झचा बँड खाली जातो आणि गायिकेचा स्वर तालाबरोबर झाकोळतो. आपल्या प्रोसेसरात साइडचेन ऐकण्याची सोय असेल तर हेडफोनवर ती ऐकावी; पातळ, शिट्टीसारखा आवाज आला तर डिटेक्टर बँडपुरता आहे, आणि संपूर्ण वाद्यवृंद ऐकू आला तर नाही. तशी सोय नसल्यास १०० हर्ट्झचा टोन मोठ्या पातळीवर देऊन २.८ किलोहर्ट्झचा बँड हलतो का हे पाहिल्यानेही उत्तर मिळते. डिटेक्टर स्थिर ईक्यूच्या आधी आहे की नंतर, हेही विचारात घ्यावे लागते. तो नंतर असेल तर आपण त्याच जागी स्थिर ईक्यूने तीन डीबी कापल्याबरोबर डायनॅमिक बँडचा थ्रेशोल्ड आपोआप तीन डीबी वर गेल्यासारखे होते आणि तो पूर्वीपेक्षा कमी काम करतो.

आता माझ्या त्या तीन गावांचा हिशोब मांडतो. थ्रेशोल्ड −१२ डीबीयू, गुणोत्तर ३:१ आणि कमाल काप ६ डीबी असा बँड होता. पहिल्या नाट्यगृहात तार पंचमाला बँडमधली पातळी −६ पर्यंत जाई. उंबरठ्याच्या वर सहा डीबी, त्यातले एकतृतीयांश म्हणजे दोन शिल्लक राहत आणि चार कापले जात. मध्य सप्तकात पातळी −१६ राही, म्हणजे काप शून्य. दुसरे नाट्यगृह लहान होते. तिथे एकूण आवाज आटोक्यात ठेवण्यासाठी मी मिक्सरचा मास्टर फेडर आठ डीबी खाली घेतला, तेव्हा तार पंचम −१४ वर आला आणि उंबरठ्याला शिवलाच नाही. तिसऱ्या ठिकाणी स्थानिक मिक्सरकडून सिग्नल सात डीबी चढा येत होता. तार पंचम +१ वर गेला आणि सहा डीबीच्या मर्यादेला टेकला, पण खरा घात मध्य सप्तकात झाला. तिथली −१६ ची पातळी −९ झाली, आणि त्यामुळे साध्या संवादावरही दोन डीबीचा काप जवळजवळ कायम बसून राहिला. गायिकेला जे जाणवले ते अगदी खरे होते. यंत्राने तिन्ही ठिकाणी सांगितलेले काम इमानाने केले. जमीन मी हलवली होती.

टोनने केलेली खात्री

हा हिशोब प्रत्यक्ष पडताळता येतो, आणि तो प्रत्येकाने एकदा तरी स्वतः पडताळावा असे मला मनापासून वाटते. त्याआधी अॅम्प्लिफायर बंद करावेत किंवा प्रोसेसरची आउटपुटे त्यांच्यापासून सोडवावीत, कारण २.८ किलोहर्ट्झचा अखंड टोन कानालाही वाईट आणि हॉर्नच्या ड्रायव्हरलाही. प्रोसेसरचे एक आउटपुट लॅपटॉपच्या ऑडिओ इंटरफेसला जोडावे. मोजणीसाठी साध्या मल्टीमीटरवर विसंबू नये. त्यांतले पुष्कळसे घरगुती विजेच्या ५० हर्ट्झसाठी बनवलेले असतात आणि किलोहर्ट्झमध्ये चुकीचे आकडे देतात.

मिक्सरच्या ऑसिलेटरवरून बँडच्या मध्यकंपनसंख्येचा साइन टोन द्यावा. साइन लहरीची सर्व ऊर्जा बँडमध्येच असल्याने इथे इनपुट मीटर आणि डिटेक्टर यांची पातळी एकच असते, आणि म्हणूनच ही चाचणी नितळ ठरते. आधी बँड बायपास करून आउटपुटची पातळी नोंदवावी, मग बँड चालू करून फरक पाहावा. वरच्या उदाहरणातल्या मांडणीत −२० डीबीयूच्या टोनला फरक शून्य यायला हवा, −६ ला चार डीबी, −३ ला सहा, आणि शून्य डीबीयूलाही सहाच, कारण गणिताने येणारे आठ डीबी मर्यादेने रोखलेले असतात. उंबरठ्याच्या आसपास, म्हणजे −१२ ला, एखादा डीबी फरक दिसला तर यंत्राचा उंबरठा गोलसर आहे असे समजावे. तो दोष नव्हे. पण काप सुरू होण्याची जागाच तीन किंवा सहा डीबीने सरकलेली आढळली तर एककांचा किंवा आरएमएस-पीकचा (सरासरी मोजली की शिखर याचा) तो गोंधळ आहे, आणि काप मुळीच सुरू होत नसेल तर बँड बायपासमध्ये, दुसऱ्याच इनपुटवर किंवा ऑफलाइन फाइलमध्ये लावलेला आहे.

एक इशारा इथेच देतो. डायनॅमिक बँडचा आकार तपासण्यासाठी एकच साइन टोन खालून वर सरकवत नेला तर मिळणारा आलेख पडद्यावरच्या घंटाकृतीशी जुळणार नाही, कारण टोन मध्यापासून दूर असताना साइडचेनचा फिल्टर त्याला अडवतो आणि काप कमी होतो. मोजलेला खड्डा खऱ्यापेक्षा अरुंद दिसतो. बरेच जण हे पाहून क्यू बदलत बसतात. बँडचा खरा आकार पाहायचा असेल तर त्याला मध्यावरच्या टोनने खाली दाबून ठेवावे आणि दुसऱ्या, अगदी हळू टोनने आजूबाजूची मोजणी करावी.

टोनने यंत्र कळते. थ्रेशोल्ड मात्र गाण्यावरच ठरवावा लागतो. तालमीत गायिकेला तेच पद पूर्ण गळ्याने म्हणण्याची विनंती करावी, थ्रेशोल्ड वरून हळूहळू खाली आणावा, आणि ज्या जागी केवळ तार सप्तकातल्या टोचणाऱ्या स्वरांवर तीन-चार डीबी काप होतो आणि संवादावर मीटर हलत नाही तिथे थांबावे. अर्ध्या गळ्याने केलेल्या तालमीवर लावलेला थ्रेशोल्ड प्रयोगात फार खाली ठरतो.

काळाचे आकडे आणि शेजारचे बँड

पातळी जुळूनही आवाज हिंदकळत असेल तर अटॅक आणि रिलीज पाहावेत. २.८ किलोहर्ट्झच्या एका आवर्तनाला ०.३६ मिलिसेकंद लागतात, तेव्हा तिथे पाच मिलिसेकंदांचा अटॅक निर्धोक आहे. डग्ग्याच्या ९० हर्ट्झच्या एका आवर्तनाला ११ मिलिसेकंद लागतात. तिथे तोच पाच मिलिसेकंदांचा अटॅक आणि आखूड रिलीज ठेवला तर बँड प्रत्येक लहरीच्या आतच वरखाली होतो आणि घुमाऱ्यात खरखर मिसळते. मी तिथे २५-३० मिलिसेकंदांचा अटॅक आणि २०० हून अधिक रिलीज ठेवतो. पडद्यावर या दोन्ही मांडण्यांची रेषा सारखीच दिसते, कारण काळ आलेखात काढता येत नाही.

दोन डायनॅमिक बँड जवळजवळ ठेवले, उदाहरणार्थ २.५ आणि ३.२ किलोहर्ट्झला क्यू १.४ चे, तर प्रत्येकाचा पसारा सुमारे एक सप्तकाचा असल्याने ते मोठ्या भागात एकमेकांवर येतात आणि दोघेही एकाच स्वरावर जागे होतात. वेगवेगळ्या रंगांत काढलेल्या रेषा चार-चार डीबीच्या दिसतात, पण मधल्या भागात एकूण काप सहा-सात डीबीवर जातो. एकत्रित रेषा पाहण्याचा पर्याय चालू ठेवावा, आणि शक्य असेल तर दोनऐवजी एकच थोडा रुंद बँड वापरावा.

डाव्या-उजव्या वाहिन्यांचे डिटेक्टर एकत्र जोडलेले नसतील तर ऑर्गन एका बाजूला अधिक असलेल्या मिश्रणात एकच बाजू कापली जाते आणि गायिका मधोमध उभी असूनही तिचा स्वर दुसऱ्या बाजूला सरकल्यासारखा ऐकू येतो. जोडणीचे बटण बहुधा आलेखाच्या पानावर नसते, इनपुटच्या मांडणीच्या पानावर असते, म्हणून ते नजरेतून सुटते.

दौऱ्यात हे पुन्हा होऊ नये यासाठी

मी त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. नाट्यगृह लहान असेल आणि एकूण आवाज कमी करायचा असेल तर तो मास्टर फेडरने कमी करत नाही. प्रोसेसरच्या आउटपुट गेनने करतो, म्हणजे डायनॅमिक ईक्यूच्या नंतर. त्यामुळे बँडपर्यंत येणारी पातळी जशीच्या तशी राहते. हे फक्त आवाज कमी करण्यापुरते लागू आहे. आउटपुट गेन किंवा अॅम्प्लिफायरची संवेदनशीलता वाढवायची वेळ आली तर लिमिटरचे आकडे पुन्हा तपासल्याशिवाय ती वाढवू नये, विशेषतः अॅम्प्लिफायरच्या बाबतीत, कारण तो लिमिटरच्या पुढे असतो आणि तिथे वाढलेल्या गेनची लिमिटरला काहीच कल्पना नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे नाट्यगृहात पोहोचल्यावर माइक लावण्याआधी केलेली एक नोंद. मिक्सरवरून १ किलोहर्ट्झचा टोन −१८ डीबीएफएस पातळीवर, मास्टर शून्यावर ठेवून पाठवायचा आणि प्रोसेसरच्या इनपुट मीटरवरचा आकडा वहीत लिहायचा. पहिल्या नाट्यगृहात तो +४ डीबीयू होता. आज तो −४ आला तर फरक उणे आठ, आणि मग इनपुट गेन आठ डीबी वाढवून पातळी जुळवायची, किंवा ते यंत्र आपले नसल्याने इनपुटला हात लावायची परवानगी नसेल तर आपल्या प्रत्येक डायनॅमिक बँडचा थ्रेशोल्ड आठ डीबी खाली आणायचा. −१२ चा −२० होतो. बँडची कंपनसंख्या, क्यू, गुणोत्तर, अटॅक, रिलीज यांना हात लावायचा नाही. वहीत प्रत्येक प्रयोगापुढे नाट्यगृह, टोनचा आकडा, थ्रेशोल्ड आणि तार पंचमाला मीटरवर दिसलेला काप एवढ्या चारच नोंदी असतात. शेवटची नोंद तीन ते पाच डीबीच्या बाहेर गेली तर मध्यंतरात मी आलेखाकडे न पाहता आधी इनपुट मीटरकडे पाहतो, कारण तोवर कुणीतरी, बहुतेक वेळा मीच, मास्टर फेडर हलवलेला असतो.